आभासी वसाहती आणि राज्यपद्धती : एक तुलनात्मक अभ्यास

गावाचा कारभार असो की राष्ट्राचा, तीन प्रश्न कोणत्याही समाजाला चुकत नाहीत. नियम कोणी करावयाचे ? ते अमलात कोणी आणावयाचे ? आणि नियमभंगाचा आरोप झाल्यास निवाडा कोणी करावयाचा ? राजेशाही, सरंजामशाही, लोकशाही ही या तीन प्रश्नांना मानवी समाजाने वेळोवेळी दिलेल्या उत्तरांची नावे होत.

हेच तीन प्रश्न आता एका नव्या प्रकारच्या वसाहतींच्या बाबतीत विचारण्याची वेळ आली आहे. या वसाहतींना भूमी नाही, शिवार नाही, वेस नाही. संगणक आणि भ्रमणध्वनी यांच्या जाळ्यावर त्या वसलेल्या आहेत. फेसबुक या एकाच मंचाचे मासिक सदस्य २०२३ च्या अखेरीस ३०० कोटींच्या वर गेले. म्हणजे ते भारताच्या लोकसंख्येच्या दुपटीहूनही अधिक झाले. व्यापारी आपला माल येथे विकतो, शिक्षक पाठ पाठवितो, शेतकरी बाजारभाव पाहतो आणि ग्रामपंचायत आपल्या सूचनाही येथेच देते. जेथे इतके सार्वजनिक जीवन चालते, तेथील कारभार कोणत्या पद्धतीने चालतो हे जाणून घेणे लोकप्रतिनिधी, शिक्षक आणि शासकीय सेवक यांना अगत्याचे आहे.

तीन सत्ता, एक हात

फ्रेंच विचारवंत मोंतेस्क्यू यांनी १७४८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, कायदा करण्याची, तो राबविण्याची आणि न्याय देण्याची सत्ता एकाच हाती आली तर नागरिकाचे स्वातंत्र्य उरत नाही. भारतीय संविधानाच्या ५० व्या अनुच्छेदाने न्यायसंस्था कार्यकारी यंत्रणेपासून अलग ठेवण्याचे निदेशक तत्त्व घालून दिले, त्यामागेही हाच विचार आहे.

खाजगी कंपनीच्या मंचावर या तिन्ही सत्ता प्रायः एकवटलेल्या असतात. सदस्यत्वाच्या अटी कंपनी लिहिते. त्या अटींनुसार मजकूर काढून टाकणे अथवा खाते बंद करणे हे काम कंपनीची संगणकप्रणाली आणि तिचे कर्मचारी करतात. त्याविरुद्ध गाऱ्हाणे करावयाचे, तर तेही त्याच कंपनीपुढे.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. अमेरिकन विधिज्ञ लॉरेन्स लेसिग यांनी १९९९ साली असे दाखवून दिले की, संगणकाच्या जगात प्रणालीची रचनाच कायद्याचे काम करते. 'येथून जाऊ नये' अशी पाटी लावली, तरी मनुष्य ती मोडून जाऊ शकतो आणि मागाहून आपली बाजू मांडू शकतो. वाटेवर भिंतच घातली, तर पाटीची आणि न्यायाधीशाचीही गरज उरत नाही. मंचावरील बरेचसे नियम या दुसऱ्या प्रकारचे आहेत. ते मोडता येत नाहीत आणि म्हणूनच त्यांच्याविषयी वादही सहसा होत नाही.

मालकीच्या बाबतीतही तुलना उद्बोधक ठरते. महाराष्ट्रातील सहकारी संस्थांत सभासदाचे भाग किती का असेनात, त्याला मत एकच असते. फेसबुकची मालक असलेल्या कंपनीत भागांचे दोन वर्ग आहेत; त्यांपैकी एका वर्गाच्या प्रत्येक भागाला दहा मते असून, त्यामुळे बहुमत संस्थापक मार्क झुकरबर्ग यांच्या हाती राहिले आहे. सदस्यांपाशी तर एकही मत नाही. राज्यशास्त्राच्या परिभाषेत याला एकाधिकार म्हणावयास हरकत नाही.

एका लहान वसाहतीचा प्रयोग

मालकाने मनात आणले तर हा एकाधिकार सोडून देता येईल काय ? या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी, एका लहानशा वसाहतीत शोधले गेले. अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्निया येथील संशोधन केंद्रात पॅव्हेल कर्टिस या संशोधकाने १९९० साली 'लॅम्डामू' नावाचे एक आभासी घर उभे केले. त्यात चित्रे नव्हती. सर्व काही अक्षरांत होते. सदस्य दूरवरच्या संगणकांवरून येत, शब्दांनी खोल्या बांधीत आणि एकमेकांशी संभाषण करीत. प्रणालीवर ज्यांची सत्ता चाले, त्या थोड्या तंत्रज्ञांना तेथे 'जादूगार' म्हणत.

वस्ती वाढली तसे तंटे वाढले, आणि प्रत्येक तंटा जादूगारांपुढे येऊ लागला. या कटकटीला कंटाळून डिसेंबर १९९२ मध्ये कर्टिस यांनी जाहीर केले की, यापुढे जादूगार केवळ तांत्रिक देखभाल करतील. सामाजिक प्रश्न रहिवाशांनी आपसांत सोडवावेत. सत्ताधीशाने आपण होऊन सत्ता खाली ठेवली. परंतु ती उचलून घेणारी कोणतीही संस्था तेथे अस्तित्वात नव्हती.

त्याचे फळ लवकरच दिसून आले. १९९३ साली एका सदस्याने एका प्रणालीच्या साहाय्याने इतर सदस्यांच्या नावे बीभत्स अत्याचाराची वर्णने सर्वांसमक्ष उमटविली. ज्यांच्यावर हा प्रसंग आला त्यांना झालेली वेदना आभासी नव्हती. रहिवासी सभेला जमले आणि कित्येक तास चर्चा झाली. परंतु ठराव करण्याचा अधिकार कोणाला आहे हेच ठरलेले नसल्याने सभा निर्णयाविना संपली. नंतर एका जादूगाराने स्वतःच्या मनाने त्या सदस्याचे खाते कायमचे नष्ट केले. शिक्षा झाली, पण ती कोणत्याही नियमान्वये झाली नाही. ज्यूलियन डिबेल या पत्रकाराने डिसेंबर १९९३ मध्ये हा वृत्तांत प्रसिद्ध केल्यावर त्यावर मोठी चर्चा झाली.

या अनुभवानंतर कर्टिस यांनी अर्ज आणि मतदान यांची पद्धत सुरू केली. एखाद्या प्रस्तावाला पुरेशा सह्या मिळाल्या की तो मताला टाकावयाचा. विरोधी मतांच्या दुपटीने अनुकूल मते पडली, तर तो जादूगारांवर बंधनकारक. तंट्यांसाठी स्वयंसेवक लवादही नेमण्यात आले. ही व्यवस्था काही वर्षे चालली. परंतु वादविवाद लांबत गेले आणि वैर वाढत गेले. अखेरीस मे १९९६ मध्ये जादूगारांनी असे घोषित केले की, तांत्रिक निर्णय आणि सामाजिक निर्णय यांत स्पष्ट रेषा ओढता येत नाही. म्हणून यापुढे आवश्यक तेथे आपण पुन्हा निर्णय घेऊ. ज्याच्या हाती किल्ली, त्याच्या हाती कारभार, हे सत्य त्यांनी निदान उघडपणे मान्य केले.

गणपूर्ती आणि मताधिकार

फेसबुकने केलेला मतदानाचा प्रयोग याहून कितीतरी मोठ्या प्रमाणावरचा होता. फेब्रुवारी २००९ मध्ये कंपनीने आपल्या अटी बदलल्या. सदस्यांच्या मजकुरावर कंपनीचा हक्क त्यांनी खाते बंद केल्यावरही राहील, असा त्यांचा अर्थ निघत होता. मोठा गहजब झाला आणि कंपनीने माघार घेतली. यापुढे महत्त्वाचे नियम सदस्यांच्या मताने ठरतील, असेही तिने घोषित केले. मात्र त्याला एक अट होती : सक्रिय सदस्यांपैकी किमान ३० टक्के लोकांनी मतदान केले तरच निकाल बंधनकारक राहील.

एप्रिल २००९ मध्ये पहिले मतदान झाले. त्या वेळी सुमारे २० कोटी सदस्य होते. म्हणजे ६ कोटी मते आवश्यक होती. प्रत्यक्षात सुमारे ६ लाख ६५ हजार मते पडली. त्यांपैकी जवळपास तीन चतुर्थांश मते नव्या मसुद्याच्या बाजूची असल्याने तो स्वीकारण्यात कंपनीला अडचण आली नाही. पुढे जून २०१२ मध्ये दुसरे मतदान झाले, तेव्हा साडेतीन लाखांहूनही कमी मते पडली. डिसेंबर २०१२ मध्ये तर मतदानाची पद्धतच रद्द करण्याचा प्रस्ताव मताला आला. सुमारे ६ लाख ६८ हजार सदस्यांनी मत दिले आणि त्यांपैकी ८८ टक्के मते विरोधात पडली. परंतु तोपर्यंत सदस्यसंख्या १०० कोटींवर गेलेली असल्याने ३० कोटी मतांची आवश्यकता होती. ती अट पूर्ण झाली नाही; विरोध केवळ सल्ल्यादाखल मानला गेला आणि मतदान रद्द झाले.

ग्रामसभेच्या नियमांशी ही घटना ताडून पाहण्याजोगी आहे. महाराष्ट्रात ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी धरली जाते. दोन हजार मतदारांच्या गावात १५ टक्के म्हणजे ३०० होतात; पण १०० मतदार हजर असले तरी सभा भरते. लोक कामाधामात असतात, सर्वांना येणे जमत नाही, तरी आलेल्यांचा शब्द वाया जाऊ नये, हा या तरतुदीचा हेतू आहे. गणपूर्तीचा आकडा दिसावयास किरकोळ असतो. परंतु लोकांचे मत निर्णायक राहणार की निष्फळ, हे बहुधा त्यावरूनच ठरते. शिवाय ग्रामसभा राज्याच्या कायद्यावर आणि १९९३ साली अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीवर उभी आहे. सरपंचाला ती गैरसोयीची वाटली, तरी तिची बरखास्ती त्याच्या हाती नाही. फेसबुकवरील मताधिकार कंपनीच्या मर्जीने आला आणि तिच्या मर्जीनेच गेला.

नव्या काळातील वतनदारी

काही मंचांवर मालक दैनंदिन कारभारात पडत नाही. तो कारभार हजारो लहान गटांत वाटून दिलेला असतो. रेडिट हा अमेरिकन मंच या प्रकारचा आहे. जो सदस्य एखादा गट प्रथम स्थापन करतो, तो त्याचा प्रमुख नियामक होतो. हे काम विनावेतन असते. नियम करणे, मजकूर काढणे, सदस्याला हद्दपार करणे हे सर्व अधिकार नियामकांना असतात. पण त्यांची निवड सदस्य करीत नाहीत आणि त्यांना दूरही करू शकत नाहीत. अमेरिकेतील अभ्यासक नेथन श्नायडर यांनी २०२४ च्या आपल्या ग्रंथात या व्यवस्थेला अव्यक्त सरंजामशाही म्हटले आहे.

महाराष्ट्राला ही व्यवस्था अपरिचित नाही. वतनदार पाटलाचा गावावर वचक असे, पण त्याची सनद वरून आलेली असे. जून २०२३ मध्ये रेडिटने आपली माहिती वापरणाऱ्या बाहेरील प्रणालींवर भारी शुल्क लावले, तेव्हा हजारो गटांच्या नियामकांनी निषेधार्थ आपले गट बंद ठेवले. तथापि, गट बंदच ठेवल्यास नियामक बदलले जातील, असे कंपनीने सूचित करताच बहुतेक गट पुन्हा उघडले. सनद कोणाची, हे त्या वेळी स्पष्ट झाले. महाराष्ट्रात मुलकी पाटलांची वंशपरंपरागत पदे १९६२ च्या अधिनियमाने संपुष्टात आली आणि गावाचा कारभार निवडलेल्या पंचांकडे आला. आभासी वसाहतींत असे परिवर्तन अद्याप क्वचितच झाले आहे.

न्यायासनाची स्थापना

मतदान बंद केल्यावर काही वर्षांनी फेसबुकने न्यायदानाची सत्ता अंशतः वेगळी केली. सदस्यांच्या मजकुरासंबंधीची प्रकरणे ऐकण्यासाठी एक पर्यवेक्षण मंडळ नेमण्यात आले व त्याच्या खर्चासाठी १३ कोटी डॉलरचा स्वतंत्र न्यास करण्यात आला. मे २०२० मध्ये जाहीर झालेल्या पहिल्या सदस्यांत बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यालयाचे कुलगुरू सुधीर कृष्णस्वामी यांचा समावेश होता. जानेवारी २०२१ मध्ये मंडळाने पहिले पाच निर्णय दिले. त्यांपैकी चार निर्णयांत कंपनीची कृती चुकीची ठरविली.

अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांचे खाते जानेवारी २०२१ मध्ये बेमुदत स्थगित करण्यात आले होते. मे २०२१ मध्ये मंडळाने स्थगिती योग्य ठरविली; परंतु बेमुदत शिक्षेची तरतूद कंपनीच्याच नियमांत नाही, म्हणून मुदत ठरवावी, असे बजावले. त्यानंतर कंपनीने दोन वर्षांची मुदत निश्चित केली. नियमात नसलेली शिक्षा देता येत नाही, हे न्यायाचे जुने तत्त्व येथे प्रथमच एवढ्या ठळकपणे लागू झाले. तरीही मंडळाच्या मर्यादा विसरता येणार नाहीत. एखाद्या मजकुरावरील त्याचा निर्णय बंधनकारक असतो, पण धोरणाविषयीचे त्याचे मत केवळ शिफारस ठरते. आणि लक्षावधी गाऱ्हाण्यांपैकी मोजकीच त्याच्यापर्यंत पोहोचतात.

मतैक्याचा मार्ग

या सर्वांहून वेगळा मार्ग विकिपीडियाने अनुसरला. जानेवारी २००१ मध्ये सुरू झालेला हा मुक्त ज्ञानकोश ना-नफा तत्त्वावर चालतो. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी झाला. येथील नियम मुख्यतः लेखन करणारे सदस्यच चर्चेतून ठरवितात आणि त्यात मतमोजणीपेक्षा मतैक्यावर भर असतो. प्रत्येक लेखात कोणी, केव्हा, कोणता बदल केला याची नोंद कायम राहते व ती कोणालाही पाहता येते. सदस्यांचा विश्वास मिळविलेल्या काहींना 'प्रचालक' म्हणून विशेष अधिकार दिले जातात, आणि त्यांची कृतीही नोंदली जाते. इंग्रजी विकिपीडियात तंट्यांच्या अंतिम निवाड्यासाठी २००४ पासून लवाद समिती काम करते. तिचे सदस्य मतदानाने निवडले जातात.

हा कारभार निर्दोष आहे असे नाही. चर्चेला वेळ देऊ शकणाऱ्या आणि नियमांत मुरलेल्या जुन्या सदस्यांचे वजन अधिक पडते, स्त्रियांचा सहभाग कमी आहे, नवख्याला नियमांचे जंगल गोंधळात टाकते. ग्रामसभेत नेहमीचेच चार जण बोलतात, ही तक्रार ज्यांनी ऐकली आहे त्यांना हे नवे वाटणार नाही. तथापि, येथे संस्थांना मूळ धरण्यास अवधी मिळाला आहे. २०१९ साली मातृसंस्थेने इंग्रजी विकिपीडियाच्या एका प्रचालकावर परस्पर एक वर्षाची बंदी घातली, तेव्हा सदस्यांनी तीव्र निषेध केला. अखेर ते प्रकरण निवडलेल्या लवाद समितीकडे सोपविण्यात आले आणि समितीने बंदी उठविली. लॅम्डामूच्या रहिवाशांपाशी जे नव्हते, ते येथे होते : आधी ठरलेली कार्यपद्धती, खुली नोंद आणि निवाड्याचा अधिकार असलेली संस्था.

राज्यसंस्थेची भूमिका

मालकाच्या सद्भावनेवर हक्क अवलंबून राहू नयेत, म्हणून राज्याला कायदा करावा लागतो. १९४८ च्या कूळ कायद्यापूर्वी कुळाचे जमिनीवरील वास्तव्य मुख्यतः जमीनमालकाच्या इच्छेवर होते. कायद्याने त्याला संरक्षण दिले. मंचावरील सदस्याची स्थिती आज बऱ्याच अंशी त्या कुळासारखी आहे.

भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये फेब्रुवारी २०२१ मध्ये नवे नियम करण्यात आले. प्रत्येक मंचाने तक्रार निवारण अधिकारी नेमावा, तक्रारीची पोच २४ तासांत द्यावी आणि ती १५ दिवसांत निकालात काढावी, असे मूळ नियमांत सांगितले होते. त्यांत पुढे वेळोवेळी सुधारणा होत गेल्या. ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत सदस्य असलेल्या मोठ्या समाजमाध्यमांनी आपण होऊन मजकूर काढल्यास सदस्याला कारणे कळवावीत आणि बाजू मांडण्याची संधी द्यावी, अशीही तरतूद आहे. ऑक्टोबर २०२२ मधील दुरुस्तीने अपिलाची सोय झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये केंद्र शासनाने तीन तक्रार अपील समित्या स्थापन केल्या. युरोपीय संघाचा याविषयीचा कायदा फेब्रुवारी २०२४ पासून पूर्णतः लागू झाला असून, त्यातही कारणे देणे आणि अपील या गोष्टी सक्तीच्या आहेत.

मात्र राज्याच्या सत्तेलाही मर्यादा हवी. श्रेया सिंघल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये याच अधिनियमाचे ६६-अ हे कलम भाषणस्वातंत्र्याशी विसंगत म्हणून रद्द केले. मालकाच्या मनमानीवर शासनाची मनमानी हा उपाय ठरत नाही; दोघांनाही नियमाचे बंधन असावे लागते.

तुलनेच्या मर्यादा

राज्य आणि मंच यांत एक मोठा भेद आहे. मंचापाशी तुरुंग नाही आणि सदस्याला तो केव्हाही सोडून जाता येतो. तथापि, ही मोकळीक दिसते तेवढी खरी नाही. ज्या बचत गटाची सर्व गिऱ्हाइके एका मंचावर आहेत, ज्या शिक्षकाचे शेकडो पाठ तेथे साठविलेले आहेत, त्यांना तो सोडणे म्हणजे गाव सोडण्यासारखेच आहे.

गावपातळीवरील बोध

हा विषय दूरदेशीच्या कंपन्यांपुरता मर्यादित नाही. अनेक गावांत ग्रामपंचायतीचा, शाळेचा, पाणीपुरवठा समितीचा व्हॉट्सॲप गट असतो आणि सरपंच, ग्रामसेवक अथवा मुख्याध्यापक त्याचे ॲडमिन असतात. एखाद्या सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल ॲडमिनचा त्यात समान हेतू असल्याशिवाय त्याला जबाबदार धरता येत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये दिला आहे. परंतु जबाबदारी मर्यादित असली, तरी ॲडमिनचा अधिकार मोठा असतो. पाणीपट्टीविषयी अडचणीचा प्रश्न विचारणाऱ्या ग्रामस्थाला तो कोणतेही कारण न देता एका स्पर्शासरशी गटाबाहेर काढू शकतो. ग्रामसभेतून त्या ग्रामस्थाला असे काढता येत नाही.

म्हणून सार्वजनिक कामासाठी असे गट चालविताना काही पथ्ये पाळणे हितावह ठरेल. गटाचे नियम आरंभीच लिहून सर्वांना कळवावेत. ॲडमिन एकच नसावा. त्यांत स्त्री सदस्याचा समावेश असावा. कोणास वगळावयाचे झाल्यास कारण सांगावे आणि त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे. ग्रामसभेची नोटीस गटावर जरूर द्यावी, परंतु नोटीस फलक आणि दवंडी सोडू नये. कारण ज्याच्यापाशी भ्रमणध्वनी नाही तोही मतदार आहे. आणि गटावर झालेली चर्चा कितीही उपयुक्त असली, तरी ठराव ग्रामसभेतच व्हावा व त्याची नोंद इतिवृत्तात व्हावी.

शाळांतूनही नागरिकशास्त्र शिकविताना हे तीन प्रश्न विद्यार्थ्यांसमोर ठेवता येतील. आपण रोज वापरतो त्या मंचावर नियम कोण करतो, ते कोण राबवितो आणि आपल्यावर अन्याय झाला तर ऐकून कोण घेतो, याचा शोध त्यांनी स्वतः घ्यावा. ज्याला ग्रामसभेत प्रश्न विचारण्याची सवय लागली आहे, तो नागरिक आभासी वसाहतीतही केवळ कूळ म्हणून राहण्यास सहजासहजी तयार होणार नाही.